पेन बिघडलंय म्हणून परत आणण्याआधी

आमच्या दुकानातून पेन टॅबलेट (लॅपटॉपला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) नेल्यावर आठ-पंधरा दिवसांत काही मंडळी परत येतात. तक्रार ठरलेली: "कर्सर हलतो, पण कितीही दाबलं तरी रेघ एकाच जाडीची. पेन बदलून द्या." यातली बहुतेक पेनं ठणठणीत असतात.

घोळ ड्रायव्हरचा, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. टॅबलेट जोडला की विंडोज त्याला माउससारखं चालवून घेतं, म्हणून तो सुरू झालासा वाटतो. दाब कळायला कंपनीचा ड्रायव्हर लागतो. त्यात पूर्वीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर तसाच पडून असेल, तर दोघांचं जमत नाही. अशा वेळी वरून आणखी काही टाकू नका. टॅबलेटची वायर काढा, टॅबलेटचे जुने सगळे ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मगच आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या.

रीस्टार्टच करा, शटडाउन नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही. काही भाग डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तोच उघडतं. "दोनदा बंद करून पाहिलं हो," म्हणणारे इथेच अडकतात. मॅकवर ड्रायव्हरला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते, आणि ती घाईत नाकारलेली असते. चित्राच्या सॉफ्टवेअरमधला ब्रशही एकदा बदलून पाहा. काही ब्रशांना दाबाची जोडच नसते.

दोष निघाला नाही तर आम्ही तपासणीचे पैसे घेतो, हे काहींना खटकतं. पण टॅबलेट दुसऱ्या मशीनवर लावून, सगळं नव्याने टाकून बघण्यात वेळ जातो, आणि खरंच बिघडलेल्या वस्तू मागे राहतात. खरेदीला येताना लॅपटॉप सोबत आणलात तर ड्रायव्हर आम्हीच टाकून देतो, त्याचे पैसे नाहीत.

लॅपटॉप आणायचं आणखी एक कारण आहे. पेनवाला डिस्प्ले (ज्याच्या पडद्यावरच पेनने काढता येतं) घ्यायचा असेल तर लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतं का, हे पाहावं लागतं. पोर्ट दिसायला सारखेच, पण काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो. पातळ लॅपटॉप नवा घेणार असाल तर रॅम आधीच पुरेशी घ्या. बऱ्याच मॉडेलांत ती बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही.

टॅबलेट केवढा घ्यावा? त्याच्या कडा पडद्याच्या कडांशी बांधलेल्या असतात. 13 इंची पडद्याला मोठा टॅबलेट लावला तर एवढ्याशा रेघेसाठी हात लांबवर न्यावा लागतो. त्याला लहान पुरतो, बॅगेतही बसतो. घरी मोठा मॉनिटर असेल तर मध्यम बघा. खोक्यावरच्या 8192 दाबपातळ्यांना भुलू नका. 4096 आणि 8192 मधला फरक हाताला कळलेला गिऱ्हाईक आम्ही अजून पाहिलेला नाही. (महागडा विकायची संधी घालवतोय, पण असो.) घरी नेल्यावर टॅबलेटवर वाटी पालथी घालून तिच्या कडेने पेन फिरवा. पडद्यावर अंडं उमटलं तर ड्रायव्हरमध्ये लांबी-रुंदीचं प्रमाण जुळवायचं राहिलंय.

आणि निब, म्हणजे पेनचं टोक, अधूनमधून बोटाने चाचपा. झिजून तिला धार आली की पृष्ठभागावर ओरखडे उठतात, ते जात नाहीत. सुट्या निबा आमच्याकडे असतात. त्यासाठी टॅबलेट नको, पेन तेवढं आणा.