अक्षर कोणाचं, फाइल कोणाची? खान्देशातल्या मराठी टायपिंगची पार्श्वभूमी

लग्नसराईत जळगाव, धुळे, शहादा, कुठल्याही गावच्या डीटीपीच्या दुकानात घटकाभर बसा. पत्रिकेचा मजकूर ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो, चांगल्या मराठीत, नावांसकट. ऑपरेटर तो मोबाइल स्क्रीनच्या बुडाला टेकवून ठेवतो आणि सगळा मजकूर पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करतो. 'कुलस्वामिनी प्रसन्न'पासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत. मग प्रूफ, मग एखाद्या आडनावातली चूक, मग पुन्हा प्रूफ. मोबाइलवरचंच कॉपी करून का टाकत नाही, असं विचारलं तर तो टाकून दाखवतो. पानावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते.

ही रांग कुठून आली, हे सांगायला पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं.

शिशाच्या खिळ्यांचा काळ मी अगदी शेवटी पाहिला, त्यामुळे त्याबद्दल थोडंच. खिळे वजनावर मिळत. पैसे मोजले की खिळा प्रेसवाल्याचा. शेजारच्या प्रेसला दोन दिवस उसना द्या, झिजला की वितळवायला द्या, कोणी विचारत नसे. अक्षराचा मूळ आकार कोणी काढला हा प्रश्न ट्रेडलवर काम करणाऱ्या कंपोझिटरला कधी पडला नसेल.

संगणक आला आणि गुंता सुरू झाला. खरं तर सोय आधीच करून ठेवलेली होती. भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक 1986 मध्ये ठरला. मजकूर साठवण्याची इस्की ही पद्धत 1988 मध्ये आली आणि 1991 मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. सगळ्यांनी एकाच रीतीने मराठी साठवली असती, तर आजचा प्रश्न उभाच राहिला नसता. पण छपाईच्या धंद्याने हे मानक उचललं नाही. पानं लावायची ती पेजमेकरमध्ये, आणि त्याला इंग्रजी धाटणीचा, 256 घरांचा फॉन्ट तेवढा कळायचा. मग त्या घरांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले. अर्धा म एका घरात, काना दुसऱ्या घरात, दोन्ही कळा दाबल्या की म. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबायची, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार मात्र अक्षर पूर्ण झाल्यावर. 'आशीर्वाद' लिहिताना आधी 'आशीवा' आणि मग त्यावर रफार. कागदावर सगळं सुरेख दिसायचं. संगणकाच्या लेखी मात्र तिथे मराठीचा एक शब्दही नव्हता. होती ती रोमन अक्षरं आणि कंस-टिंबं, वरून मराठीचा मुखवटा चढवलेली.

कोणत्या घरात कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एकीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की खिचडी. त्यावर पुन्हा लॉक. संगणकाच्या मागच्या पोर्टला लावायचं बोटभर डोंगल काढलं की मराठी टायपिंग बंद. प्रेसवाले संध्याकाळी दुकान बंद करताना ते खिशात घालून घरी नेत.

त्या काळात आम्ही एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची अशाच फॉन्टमध्ये टाइप केली होती. भारनियमनाचे दिवस, रात्री वीज यायची तेव्हा काम चालायचं. काही वर्षांनी वाचनालयाला ती सूची लेखकाच्या नावाने अकारविल्हे लावून हवी होती. संगणकाने लावली, पण त्याला दिसत होत्या त्या रोमन घरांच्या क्रमाने. एका अक्षराचे लेखक चार ठिकाणी विखुरले. शोध घ्यायला गेलो तर सापडेना. तोवर डोंगल खराब झालेलं, आणि विकणाऱ्यांकडून उत्तर आलं की ती आवृत्ती आता बंद आहे, नवी घ्या. टायपिंग आमचं होतं, पुस्तकं वाचनालयाची होती, कागद आणि शाईही आमचीच होती. तरीही स्वतःचीच सूची वाचायला तिसऱ्याची परवानगी लागत होती.

इथे 'मुक्त' या शब्दापाशी थांबावं लागेल, कारण खान्देशात, खरं तर सगळ्या महाराष्ट्रातच, हा शब्द नीट कळला नाही म्हणून बरंच नुकसान झालं आहे. मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे कोणालाही वापरता, उघडून बदलता आणि वाटता येईल अशा सॉफ्टवेअरची, चळवळ 1983 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिथे तिची अडचण अशी होती की इंग्रजीतल्या 'फ्री'चे दोन अर्थ होतात. त्यावर तिथे वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला. 1998 मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला, त्यामागेही एक कारण हेच होतं की 'फ्री' ऐकून व्यापारी मंडळी बिचकत. मराठीला ही अडचण मुळात नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. तरीही घोळ झाला.

झाला तो असा. 2001 नंतर गावोगावी संगणकाचे क्लास निघाले, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं. क्लासमध्ये शिकवलं जायचं ते विंडोज. घरच्या संगणकावर तेच, आणि ते बहुतेक वेळा कुलूप तोडलेल्या सीडीवरून आलेलं. वहीच्या किमतीत सगळं मिळत होतं. त्याच वेळी संगणकाच्या मासिकांबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीची, सीडी यायची. लोकांच्या मनात दोन्ही एकाच खणात पडल्या: हेही फुकट, तेही फुकट, मग ओळखीचं काय वाईट? चोरलेल्या कॉपीने विकणाऱ्या कंपनीचं काय नुकसान केलं ते कंपनीने मोजावं. मुक्त सॉफ्टवेअरचं तिने फार मोठं नुकसान केलं, आणि ते कोणी मोजलं नाही.

त्यात शब्दांचीही साथ मिळाली नाही. 'मुक्त' म्हटलं की आपल्या पोरांना आठवतं मुक्त विद्यापीठ. 'मुक्तमधून बी.ए. करतोय.' आणि 'मुक्तस्रोत' हा 'ओपन सोर्स'चा प्रतिशब्द तर दुकानात उच्चारायचीही सोय नाही. मला विचाराल तर हा फरक समजवायला बियाणं पुरेसं आहे. यावल तालुक्यात बामणोदची भरताची वांगी प्रसिद्ध. चांगलं वांगं झाडावर पिकू द्यायचं, बी काढून धुवायचं, राखेत घोळून वाळवायचं आणि मडक्यात ठेवायचं. हे बी कोणी विकत घेतलं असेल, कोणी मागून आणलं असेल. पण एकदा हाती आलं की पेरा, त्यातून निवडून सुधारा, भावकीत वाटा, ज्याला दिलं तो पुढे देईल. आता दुसरीकडे, प्रात्यक्षिकासाठी फुकट मिळालेली संकरित कपाशीची पिशवी. पैसा लागला नाही, पीकही जोरदार आलं. पण त्याच पिकाची सरकी पुढच्या वर्षी लावली तर झाडं एकसारखी येत नाहीत, उतारा पडतो, पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. घरचं बी पैसे देऊन आणलेलं असलं तरी मुक्त. पिशवी फुकट असली तरी बांधलेली. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याचा हा हक्क लिहून ठेवलेला आहे: बियाणं राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं, विकणंसुद्धा, फक्त संरक्षित वाणाचं बियाणं छापील ब्रँडच्या पिशवीत घालून विकता येत नाही. सॉफ्टवेअरच्या मुक्त परवान्यात जे चार हक्क सांगतात, वापरा, उघडून पाहा आणि बदला, वाटा, बदललेलंही वाटा, ते आपल्या बायाबापड्यांना मडक्यातल्या बियाण्याबाबत पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. जीपीएल या 1989 च्या मुक्त परवान्यात एक जास्तीची अट आहे: सुधारून पुढे दिलंत, तर ज्याला दिलं त्याला मूळ कोडही, म्हणजे ज्या आज्ञांतून ते बनलं त्याही, त्याच हक्कांसकट द्या.

2005 पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या सीडी मोफत वाटायला सुरुवात केली. चांगलं काम होतं. पण 'फुकट म्हणजेच मुक्त' ही समजूत त्याने आणखी घट्ट केली.

कायद्याच्या बाजूलाही असाच गोंधळ आहे. आपल्याकडे बौद्धिक संपदेतल्या प्रत्येक गोष्टीला 'पेटंट' म्हणतात. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही पारावर 'वांग्याचं पेटंट आलं' असंच बोललं गेलं. पेटंटचा आपल्या विषयाशी संबंध थोडाच. पेटंट कायद्याच्या 2002 च्या दुरुस्तीने 'निव्वळ' संगणक आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रामला, पेटंट नाही असं ठरलं. डिसेंबर 2004 च्या वटहुकमाने ते दार किलकिलं केलं, 2005 मध्ये संसदेने ती सवलत काढून टाकली. 'निव्वळ' म्हणजे नेमकं किती निव्वळ, यावर वकिलांचं अजून चालूच आहे.

डीटीपीवाल्याला लागू होतो तो कॉपीराइट. 1957 च्या कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावली साहित्यकृतीत धरली गेली. 1994 च्या दुरुस्तीने जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस कैद आणि 50,000 रुपयांपासून दोन लाखांपर्यंत दंड ठेवला. व्यापारासाठी वापर नसेल, तर कैद टाळण्याची मुभा न्यायालयाला दिली. फॉन्टची फाइल ही आज्ञावली, म्हणून तिला संरक्षण. अक्षराच्या आकाराचं काय? 2002 मध्ये एका प्रकरणात टंकाच्या आकाराला कलाकृती म्हणून नोंद नाकारली गेली. म्हणजे 'क'चा आकार कोणाच्या मालकीचा नाही, पण तो दाखवणारी फाइल आहे. आणि कोणत्या घरात कोणता तुकडा हे कोष्टक? ते तर कुठल्या कायद्याने अडवलेलं नव्हतं. एवढंच की कंपन्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. आमची सूची अडकली ती इथे.

सुटका युनिकोडमुळे झाली, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरलेलं घर देणाऱ्या मानकामुळे, तीही सावकाश. 1991 मध्येच त्यात देवनागरीला 128 घरं मिळाली होती, इस्कीच्या पायावर. ती घरं आकाराची नसून उच्चाराची. 'आशीर्वाद'मध्ये र आधी, मग हलन्त, मग वा. रफार डोक्यावर चढवणं हे फॉन्टचं काम. विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्ट आला. पण एक्सपीमध्येसुद्धा मराठी चालू करायला मूळ सीडी घालावी लागायची, आणि मूळ सीडी असणारे किती? 2004 मध्ये लोहित हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आले, नंतर 2011 मध्ये फॉन्टसाठीच बेतलेल्या परवान्यात गेले. मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट कोणीही उघडून जोडाक्षरं दुरुस्त करू शकतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आम्ही तो उघडून पाहिलाही. 'द्ध' कसा बांधलाय, 'ऱ्य' कसा बांधलाय, सगळं उघडं. केंद्राने 2009 मध्ये ई-कारभारासाठी युनिकोड मानक ठरवलं आणि 2015 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. पण खान्देशात युनिकोड घरोघरी पोचवला तो अ‍ॅण्ड्रॉइड मोबाइलने. आज अहिराणीत स्टेटस टाकणाऱ्या पोराला कोणत्याही डोंगलची गरज नाही. अहिराणीला वेगळी घरंही लागली नाहीत. शब्द सुचवताना कीबोर्ड तिला मराठीत ओढतो, तेवढं राहिलं आहे. शुद्धलेखनाच्या मुक्त शब्दयाद्या कोणालाही वाढवता येतात, म्हणजे तेही हातचं काम आहे.

मग दुकानदार अजून जुन्या फॉन्टला का धरून? पेजमेकर 7 ही शेवटची आवृत्ती 2001 ची, तिला युनिकोड कळत नाही, आणि वीस वर्षांच्या पत्रिका, कार्यअहवाल, बिलबुकं त्यातच आहेत. लग्नपत्रिकेला लागणारी वळणदार, नटवी अक्षरं जुन्या संचांत भरपूर आहेत, मुक्त परवान्यात अजून कमी. आणि हात. टाइपरायटरवर मराठी 30, मराठी 40 पास झालेल्या माणसाची बोटं त्याच कळा शोधतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ग्राहक दारात उभा असतो.

वाचनालयाची ती सूची शेवटी एका हौशी माणसाने फुकट आणि मुक्त, दोन्ही अर्थांनी, दिलेल्या परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधून, बाहेर काढली. त्याने जुन्या फॉन्टचं कोष्टक कागदावर छापून, एकेका घरावर बोट ठेवून जुळवलं होतं. वेलांट्या जागेवर आल्या. रफार बहुतेक आले. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दाने मात्र शेवटपर्यंत त्रास दिला. युनिकोडमध्ये तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. परिवर्तकाने काही ओळींत एक तऱ्हा घातली होती, आम्ही नंतर हाताने घातलेल्या ओळींत दुसरी. परिवर्तकाचा कोड उघडा होता, म्हणून त्यात एक ओळ वाढवली आणि सगळ्या नोंदी एकाच तऱ्हेवर आणल्या. ती ओळ आम्ही त्या माणसाला परत पाठवली, आणि पुढच्या आठवड्यात ती त्याच्या परिवर्तकात सगळ्यांसाठी आलेली होती.