रेडिएटरचा विद्युत पंखा, ट्रकमधील

रेडिएटरमधून, म्हणजे एंजिनाचे तापलेले पाणी निववणाऱ्या जाळीतून, हवा ओढण्यासाठी एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याऐवजी बॅटरी व ऑल्टरनेटर (एंजिनाने फिरणारे वीजजनित्र) यांच्या विजेवर चालणारा पंखा वापरण्याची पद्धत. मोटारगाड्यांत असा पंखा कारखान्यातूनच येतो. ट्रकांच्या बाबतीत मात्र तो बहुधा मागाहून केलेला बदल म्हणून परिचित आहे, आणि या बदलाची खरी भूमी अमेरिकेची संयुक्त संस्थाने ही होय. तेथे ‘ट्रक’ म्हणजे प्रामुख्याने पिकअप, आपल्याकडचा दहा-बारा चाकी मालट्रक नव्हे. हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावा, कारण पुढील बरेचसे विवेचन त्यावर अवलंबून आहे.

पंख्याचा इतिहास आधुनिक रेडिएटरइतकाच जुना म्हणता येईल. विल्हेल्म मायबाख यांनी रचलेल्या आणि 1900 च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज 35 पीएस या गाडीत 6 मिमी. बाजूच्या 8,070 चौकोनी नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. गाडी हळू चालत असताना हवा कमी पडू नये म्हणून त्यामागे पंखा बसवलेला होता. हा पंखा विजेवर केव्हा आला, याचे उत्तर व्याख्येप्रमाणे बदलते. प्यूजो 404 (1960) मध्ये पंखा पट्ट्यानेच फिरे, पण पाणी तापले की विद्युतचुंबकी क्लच त्याला जोडून घेई आणि निवले की सोडून देई. येथे नियंत्रण विजेचे, शक्ती मात्र एंजिनाची. विद्युत पंख्याचा प्रारंभ येथून धरता येईल. तथापि पंख्याला स्वतंत्र मोटर असणे हीच कसोटी मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या कसोटीने ऑटोबियांकी प्रिम्युला (1964) आणि तिच्या मांडणीवर आधारलेली फियाट 128 (1969) या गाड्यांना महत्त्व येते. फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांच्या या मांडणीत एंजिन आडवे बसले, क्रँकशाफ्टचे (एंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) टोक गाडीच्या कुशीकडे वळले आणि समोरच्या रेडिएटरचा पंखा पट्ट्याने फिरवणे अडचणीचे झाले. म्हणजे विजेचा पंखा इंधन वाचवण्यापेक्षा जागेच्या निकडीतून रुळला. भारतात 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती 800 मुळे आडव्या एंजिनाची ही मांडणी सर्वपरिचित झाली.

ट्रकाचे एंजिन लांबीच्या दिशेनेच राहिले, त्यामुळे ही निकड तेथे उद्भवली नाही. तेथे उपाय निघाला तो श्यान क्लचचा, म्हणजे दाट तेलाच्या चिकटपणाने पंख्याला ओढून फिरवणाऱ्या क्लचचा. गॅरेजच्या बोलीत हाच ‘फॅन क्लच’. त्याच्या पोटात सिलिकोन तेल असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढच्या बाजूची द्विधातूची गुंडाळी वळते, झडप उघडते, तेल दोन तबकड्यांच्या मधल्या खाचांत शिरते आणि पंखा जोर धरतो. हवा निवल्यावर तेल परत जाते व पंखा नुसता घसटत राहतो.

हा क्लच दुर्लक्षून विद्युत पंख्याचे फायदे मोजले की आकडे फुगतात. पंख्याचा वारा त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग चौपट झाला की शक्ती 64 पट. पट्ट्याला थेट जखडलेला जुना पंखा दर मिनिटाला 1,000 फेऱ्यांवर अर्धा अश्वशक्ती खात असेल, तर 4,000 फेऱ्यांवर तो 32 अश्वशक्ती मागेल. परंतु क्लच असलेला पंखा त्या वेगाला पोहोचतच नाही, तो बराच आधी घसटू लागतो. उलट बाजूने, 13.5 व्होल्टवर 40 अँपिअर घेणाऱ्या विद्युत पंख्याचे 540 वॉट ऑल्टरनेटरच्या साधारण 55 टक्के कार्यक्षमतेने भागले तर एंजिनावर सुमारे 980 वॉट, म्हणजे 1.3 अश्वशक्तीचा भार येतो. बचत होते हे खरे, पण ती मुख्यतः पंखा बंद राहू शकतो यामुळे होते. ताशी 50-60 किमी.च्या पुढे समोरून येणारा वाराच बहुधा पुरतो. क्लचच्या पंख्याला तेव्हाही थोडेबहुत फिरावेच लागते.

या बदलाचे ठळक उदाहरण शेव्हरोले सिल्व्हराडो 1500 चे. या पिकअपला 2005 च्या आवृत्तीपासून कारखान्यातूनच दोन विद्युत पंखे मिळाले, आणि तेच पंखे श्राउडसकट (वारा जाळीभर पसरवणाऱ्या आवरणासकट) 1999 ते 2004 च्या गाड्यांवर चढवण्याची प्रथा पडली. भंगारवाड्यात मिळणारा फोर्ड टॉरसच्या 3.8 लिटर एंजिनाचा दोन वेगांचा पंखाही असाच लोकप्रिय आहे. जोडपंख्यांची रिलेने (विजेने चालणाऱ्या स्विचने) केलेली जोडणी सुबक असते. मंद वेगासाठी दोन्ही मोटरी एकसर जोडल्या जातात, म्हणजे प्रत्येकीला निम्मा व्होल्टेज मिळतो. पाणी आणखी तापले की रिले त्यांना समांतर करतात व दोन्ही पूर्ण वेगाने फिरतात.

बसवताना चुका होतात त्या पंख्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या गोष्टींत. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह क्षणभर ओढते. बारीक तार, हलका रिले किंवा कच्चे अर्थिंग तेथेच वितळते. गाडी उभी राहून एंजिन मंद फिरत (आयडलवर) असताना ऑल्टरनेटर कमी वीज देतो, आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते. थर्मोस्टॅट (तापलेले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) 91° से.ला उघडत असेल तर पंखा 100° च्या आसपास सुरू व्हावा व 94° च्या सुमारास थांबावा. थांबण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली ठेवला तर पाणी तितके निवतच नाही आणि पंखा अखंड फिरत राहतो. श्राउड नसेल तर पंखा जाळीच्या जेवढ्या भागासमोर आहे तेवढ्यातूनच वारा ओढतो. श्राउड पूर्ण बंद असेल तर धावत्या गाडीचा वारा अडतो, म्हणून त्याला रबरी झापा ठेवतात. एसी सुरू होताच पंखा लागण्याची सोयही विसरू नये.

जड ट्रेलर ओढत लांब चढ चढणाऱ्या पिकअपला, प्रस्तुत नोंदकाराच्या मते, चांगल्या स्थितीतील क्लचपंखाच अधिक भरवशाचा. तेथे वेग कमी, उष्णता जास्त आणि पंख्याला विसावा नाही. विद्युत पंख्याची सारी बचत विसाव्यावर अवलंबून आहे.

बोरघाट किंवा कसारा घाट चढणाऱ्या भरल्या मालट्रकाची स्थिती हीच, प्रमाण मात्र कितीतरी मोठे. अशा एंजिनाचा पंखा 20 किलोवॉटही मागू शकतो. 24 व्होल्टवर त्यासाठी 800 हून अधिक अँपिअर लागतील. म्हणून जड डीझेल ट्रकांत श्यान क्लच, किंवा अमेरिकी महामार्गांवरील ट्रकांप्रमाणे ब्रेकच्या दाबाच्या हवेवर चालणारा क्लच टिकून आहे. शहरी बसगाड्यांत मात्र तेलाच्या दाबावर चालणाऱ्या (हायड्रॉलिक) मोठ्या पंख्याच्या जागी लहान विद्युत पंख्यांचा ताफा बसवण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली असून, काही संचांत पंखे उलट फिरवून जाळीतला धुरळा उडवण्याची सोय असते.