‘की’ला इंडेक्स दिला म्हणजे काम झालं? नाही!

रिअ‍ॅक्ट (वेबसाइटच्या स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकवताना वर्षानुवर्षं एक सल्ला दिला जातो: बॅकएंडकडून (सर्व्हरकडून) आलेली यादी ‘मॅप’ने, म्हणजे एकेक ओळ करून, स्क्रीनवर मांडताना ‘की’ नसल्याचा इशारा दिसला, तर ‘की’ म्हणून इंडेक्स (0 पासून मोजलेला ओळीचा क्रमांक) द्या. इशारा जातो, चूक मात्र तशीच राहते. कारण ‘की’ दिलीच नाही, तर रिअ‍ॅक्ट स्वतःही इंडेक्सच वापरतं. म्हणजे आपण फक्त इशारा गप्प केला.

‘की’ ही त्या ओळीची ओळख आहे. यादी बदलली, तर जुनी कोणती आणि नवी कोणती हे रिअ‍ॅक्ट तिच्यावरून ठरवतं. समजा, यादीत सातारा, कराड, वाई अशी नावं आहेत आणि प्रत्येकापुढे शेरा लिहायची चौकट. साताऱ्यापुढे ‘रक्कम जमा’ लिहिलं, मग सातारा यादीतून काढला. आता कराडचा इंडेक्स 0 झाला. रिअ‍ॅक्टला वाटतं, 0 क्रमांकाची ओळ तर आहेच; ते फक्त नाव बदलतं आणि शेवटची ओळ काढतं. ‘रक्कम जमा’ आता कराडपुढे! हिशेबाच्या कामात हे किती घातक, विचार करा.

‘मॅथ रँडम’ने कुठलाही आकडा काढून तो ‘की’ म्हणून द्यायचा उपाय तर आणखी वाईट. दर रेंडरला (स्क्रीन पुन्हा मांडताना) ओळख बदलते, चौकट नव्याने तयार होते, टाइप करता करता कर्सर निसटतो.

डेटाबेसमधला आयडी द्या. तो नसेल तर बॅकएंडवाल्यांकडे हट्टाने मागा. यादी कधीच बदलणार नसेल आणि ओळींत स्वतःची स्टेट (टाइप केलेल्या शेऱ्यासारखी जपलेली माहिती) नसेल, तरच इंडेक्स चालतो.