माथेरानची मिनी ट्रेन : कोरोनाकाळ आणि शटल सेवा

नेरळ-माथेरान मिनी ट्रेन ही रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली दोन फुटी नॅरोगेज लाइन. १९०७ साली सुरू झाली, पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा आणि उभारणी त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांची, आता ती मध्य रेल्वेकडे आहे. लांबी साधारण २१ किमी, वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज ही स्टेशनं. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही तिचं नाव आहे.

कोरोनात ही गाडी बंद पडली असं सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. नेरळपासूनचा घाटातला भाग त्याच्या कितीतरी आधी, २०१९ च्या पावसाळ्यातच बंद झाला होता, त्या वर्षी दरडी आल्या, रुळांखालची माती आणि खडी वाहून गेली आणि लाइन ठिकठिकाणी उखडली. मग २०१९ च्या डिसेंबरअखेर फक्त वरचा अमन लॉज ते माथेरान हा जेमतेम तीन किमीचा टप्पा शटल म्हणून चालू केला. म्हणजे मार्च २०२० मध्ये देशभरातल्या पॅसेंजर गाड्या थांबल्या तेव्हा माथेरानकडे होतं नव्हतं ते हे शटलच होतं, आणि तेही गेलं.

हा तुकडा छोटा दिसतो, पण गावाला तोच लागतो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाडी जात नाही, २०२० मध्ये अपवाद होता तो ॲम्ब्युलन्सचा. अमन लॉज स्टेशन दस्तुरीला लागूनच आहे, त्यामुळे म्हातारी माणसं, आजारी माणसं, सामानवाले सगळे तिथून शटल धरतात. शटल नाही म्हटल्यावर उरले पाय, घोडा, माणसाने ओढायची हातरिक्षा, आणि मालासाठी हातगाडी नाहीतर हमाल. गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४,३९३ होती आणि जवळपास सगळ्यांचं पोट पर्यटनावर, शेती नाही, कारखाना नाही. एप्रिल-मे म्हणजे इथला कमाईचा मोसम, तोच २०२० मध्ये पूर्ण बुडाला आणि लगेच पावसाळा लागला. सगळ्यात वाईट हाल घोडेवाल्यांचे, कारण लॉज बंद ठेवता येतं, दुकानाचं शटर ओढता येतं, पण घोड्याला रोज चारा आणि भुसा लागतोच, बऱ्याच जणांना तेव्हा मदतीवर दिवस काढावे लागले.

ब्रिटनमधल्या बऱ्याच हेरिटेज रेल्वे, म्हणजे वारसा म्हणून जपलेल्या जुन्या गाड्या, ट्रस्ट आणि स्वयंसेवक चालवतात, तिकीट बंद म्हणजे उत्पन्न बंद, त्यामुळे कोरोनात त्यांना देणग्यांची आवाहनं करावी लागली आणि सरकारी मदत घ्यावी लागली. माथेरानचं तसं नाही. गाडी रेल्वेची, स्टाफ रेल्वेचा, त्यामुळे रेल्वे टिकणार की नाही हा प्रश्नच नव्हता, ती कधी चालू होणार हा होता, आणि खरा तोटा गाडीच्या भरवशावर जगणाऱ्या गावाने सोसला. हेरिटेज म्हणून कौतुक करताना हे नेहमी राहून जातं असं वाटतं.

शटल ४ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या दहाएक दिवस आधी परत सुरू झालं, सुरुवातीला मोजक्याच फेऱ्यांनी. शटलला सामानाचेही डबे असल्यामुळे माणसांबरोबर मालही जाऊ लागला, आणि तीन किमी हातगाडी ओढण्यापेक्षा हे किती सोपं ते वर राहणाऱ्यालाच कळतं. अडचण वेगळीच होती. मुंबईची लोकल अजून सगळ्यांना खुली नव्हती, सामान्य प्रवाशांना ती १ फेब्रुवारी २०२१ पासून आणि तीही ठरावीक वेळेतच मिळाली, त्यामुळे लोकलने नेरळला उतरून वर येणारा नेहमीचा पर्यटक घरीच राहिला आणि स्वतःची गाडी दस्तुरीपर्यंत आणू शकणारेच आधी आले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, परत निर्बंध आले आणि सलग दुसरा उन्हाळी मोसम हातचा गेला.

घाटातल्या लाइनचं काम दरम्यान चालू होतं. रूळ बदलले, काँक्रीटचे स्लीपर टाकले, जिथे डोंगर ढासळतो तिथे जाळीत दगड भरून गॅबियन भिंती बांधल्या, दरीच्या बाजूला संरक्षक बॅरिअर लावले. कोरोनात थांबलेली दार्जिलिंगची अशीच डोंगरातली छोटी गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण मार्गावर परतली, नेरळहून मात्र माथेरानची गाडी सुटली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळाने, आणि त्यातला निम्म्याहून अधिक दोष तरी कोरोनाचा नव्हे, पावसाने केलेल्या नुकसानीचा आहे.