कनिष्ठ स्तर न्यायालयातील दावा वरच्या न्यायालयात वर्ग करून मिळण्यासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

देवगड, राजापूर किंवा गुहागरच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात प्रलंबित असलेला दावा वरिष्ठ स्तर न्यायालयाकडे वर्ग व्हावा किंवा जिल्हा न्यायालयाने तो स्वतःकडे घ्यावा, असा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २४ खाली दाव्यातील कोणत्याही पक्षकाराला करता येतो. वादी-प्रतिवादी असा भेद त्यात नाही आणि मुदतही ठरवून दिलेली नाही. तरीही साक्षीपुरावा संपून युक्तिवादावर आलेला दावा हलवण्यास न्यायालये सहसा राजी नसतात, म्हणून कारण उद्भवताच अर्ज करावा.

अर्जाचे सर्वांत भक्कम कारण कोकणात घरोघरी आढळते. समजा, आंब्याच्या कलमांच्या एका सामायिक बागेबाबत एका भावाने दुसऱ्याविरुद्ध राजापुरात मनाई हुकुमाचा दावा लावला आहे आणि मुंबईत राहणाऱ्या बहिणीने त्याच बागेसह घराच्या वाटपाचा दावा रत्नागिरीत वरिष्ठ स्तराकडे दाखल केला आहे. सातबारा तोच, वारस नोंदीचा फेरफार तोच, साक्षीदारही तेच. अशा वेळी दोन न्यायालयांचे निष्कर्ष परस्परविरोधी येण्याचा धोका असल्याने दोन्ही दावे एकाच न्यायालयापुढे चालावेत, ही मागणी रास्त ठरते. न्याय मिळणार नाही अशी वाजवी भीती हेही कारण मान्य आहे, पण ती ठोस घटनांवर आधारलेली हवी. केवळ अंतरिम अर्ज नामंजूर झाला म्हणून न्यायाधीशांवर पक्षपाताचा आरोप करणे गैर आहे, आणि असा अर्ज टिकतही नाही.

दाव्याचे मूल्यांकन न्यायालयाच्या अधिकारमर्यादेबाहेर असेल, तर याच संहितेच्या आदेश ७ नियम १० नुसार वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिले जाते आणि कामकाज तेथे नव्याने सुरू होते. कलम २४(५) मुळे अधिकार नसलेल्या न्यायालयातूनही दावा वर्ग करता येतो, आणि तसे झाल्यास नवे न्यायालय तो आहे त्या टप्प्यापासून पुढे चालवू शकते. जुन्या दाव्यात हा फरक फार मोलाचा ठरतो. कूळहक्काचा मुद्दा निघाल्यास मात्र कूळकायद्याच्या कलम ८५अ नुसार तेवढा मुद्दा महसुली प्राधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवला जातो; तो दावा वर्ग करण्याचा प्रकार नव्हे.

दोन्ही न्यायालये एकाच जिल्ह्यातील असतील, तर अर्ज त्या जिल्ह्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे करावा: सिंधुदुर्गासाठी ओरोस, रायगडासाठी अलिबाग. जिल्हा बदलत असेल, तर उच्च न्यायालयाकडे जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या (फिरत्या पीठाच्या) कक्षेत आले आहेत, रायगड मुंबईकडेच आहे. परराज्यात दावा नेण्यासाठी कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मात्र दोन्ही राज्यांचे उच्च न्यायालय एकच असल्यास कलम २४ लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली नागालँडच्या प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्र व गोव्याचे उच्च न्यायालय एकच असल्याने सावंतवाडी-दोडामार्गच्या पक्षकारांनी हे ध्यानात ठेवावे.

अर्जात दाव्याचा क्रमांक, सध्याचा टप्पा, पुढील तारीख आणि वर्ग करण्याची कारणे सविस्तर लिहून त्याला प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र व कोर्ट फी तिकिटे जोडावीत. वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), न्यायालयाने वादाचे मुद्दे काढले असल्यास ते आणि रोजनामा (तारखेनिहाय कामकाजाची नोंद) यांच्या प्रमाणित नकला लागतात. दुसरा दावा प्रलंबित असेल, तर त्याच्याही. नकला मिळण्यास वेळ लागतो, म्हणून नक्कल अर्ज आधीच द्यावा. आजारपणाचे कारण असेल, तर वैद्यकीय कागदपत्रे जोडावीत. सर्व पक्षकारांना नोटीस बजावून व त्यांचे म्हणणे ऐकून आदेश होतो.

अर्ज दाखल झाला म्हणून मूळ दाव्याचे काम आपोआप थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा स्वतंत्र अर्ज द्यावा आणि आदेश हाती येईपर्यंत मूळ न्यायालयातील एकही तारीख चुकवू नये. दावा वर्ग झाल्यावर नवा क्रमांक व हजर राहण्याची तारीख विचारून घ्यावी, कारण तेथे वादी गैरहजर राहिल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो आणि प्रतिवादी गैरहजर राहिल्यास तो त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालू शकतो.