गोल करून बसलेली मुलं : रविवारच्या एका वर्गामागचा इतिहास

रविवारी सकाळी नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही पाच ते नऊ वयाची मुलं घेऊन बसतो, गोल करून, मधे डफ, टाळ, खंजिरी, दोन जेंबे (हाताने वाजवायचे आफ्रिकन ढोल), नारळाच्या करवंट्या असं सगळं पसरलेलं असतं आणि तासभर सगळे मिळून वाजवतात, गातात. गाणं बसवायचं नसतं, स्टेज नसतं. एखादं मूल ठेका सुरू करतं, बाकीचे तो उचलतात, मग तिसरंच कोणीतरी तो बदलतं आणि सगळ्यांना त्याच्या मागे जावं लागतं. दर बॅचला पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ह्यातून परीक्षा कुठली देता येते?" आणि दुसरा, "हे फॉरेनचं आहे ना?" दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. पण पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही म्हणून इथे नीट लिहून ठेवतोय.

परीक्षेपासून सुरू करू, कारण तो धागा थेट आपल्या पंचवटीत येतो. विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२, कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. त्या काळी शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि बुवांच्या मनात येईल तेव्हा समोर बसून तालीम घ्यायची, एकाला एक, वर्षानुवर्षं. सामान्य घरातल्या मुलाला, मुलीला तर नाहीच, हा रस्ता खुला नव्हता. पलुसकरांनी ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं! फळा, वेळापत्रक, अभ्यासक्रम, स्वरलिपीची पुस्तकं, एका वेळी अनेक मुलं. १९०८ मध्ये मुंबईला शाखा काढली, मोठी इमारत बांधली, कर्ज झालं आणि शेवटी त्या इमारतीचा लिलाव झाला. नंतर ते नाशिकला राहिले, इथे रामनाम आधाराश्रम काढला आणि रामधून, सामुदायिक भजन ह्यातच रमले. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपण ज्यांना डी. व्ही. पलुसकर म्हणून ऐकतो, ते १९२१ साली नाशिकचेच जन्मलेले.

१९३१ मध्ये विष्णु दिगंबर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही जी परीक्षांची शिडी आज प्रत्येक क्लासच्या बोर्डावर दिसते ती ह्या मंडळाने देशभर नेली. मला ह्या शिडीबद्दल खरंच आदर आहे, तिच्यामुळे गावोगावी पेटी-तबल्याचे क्लास टिकले, आणि मीही त्यातूनच आलोय. पण पलुसकरांच्या कामात दोन गोष्टी होत्या, एक वर्ग आणि दुसरी रामधून, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाणं. आपण वर्ग ठेवला, त्याला परीक्षा जोडली, आणि परीक्षा म्हटली की मूल एकटं, समोर परीक्षक. मिळून गाणं मुलांच्या संगीतशिक्षणातून हळूहळू बाजूला पडलं, गॅदरिंगपुरतं उरलं, आणि गॅदरिंगलाही ज्याचा आवाज लागत नाही त्याला मागच्या रांगेत "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं जातं. मला दुसरीत सांगितलं होतं. ते अजून आठवतं.

बरं मिळून वाजवणं-गाणं ही काही आपल्याकडे कोणी बाहेरून आणून दिलेली गोष्ट नाही. भोंडला घ्या. मधे पाटावर हत्ती, भोवती मुली फेर धरतात, एकीने ओळ सुरू केली की बाकीच्या उचलतात, चार वर्षांची पोरगी मोठ्या मुलींच्या मधे हात धरून फिरते आणि शब्द येत नसले तरी शेवटचं अक्षर बरोबर ओढते. तिला कोणी शिकवलेलं नसतं! आणि शेवटी खिरापत ओळखायची, म्हणजे प्रश्न-उत्तर, हसणं, ओरडणं, सगळं त्यातच. आपल्या जिल्ह्याच्या खानदेशाकडच्या पट्ट्यात हेच भुलाबाईच्या रूपात दिसतं, टिपऱ्या घेऊन. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात तेव्हा एकदा फक्त मुलांकडे बघा. पखवाज पुढचा पाय सांगतो, टाळ त्याला धरून असतात, आणि हातात छोटे टाळ घेतलेलं पोर पावली चुकलं तर शेजारच्या काकांच्या पायाकडे बघून परत लागतं. कोणी थांबवून रागावत नाही, कारण थांबायला वेळच नसतो. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी भागात पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्याभोवती फेर धरला जातो त्यातही लहान पोरं टोकाला लटकलेली असतात, तिथूनच शिकतात.

मग फॉरेनचं काय? तर तिकडेही गाडी ह्याच वळणावरून गेली. एमिल जाक-दालक्रोझ नावाचे एक शिक्षक जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवत होते, १८९० च्या दशकात. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थ्यांची बोटं तयार आहेत, कागदावरचं वाचता येतं, पण लय अंगात नाही. वाजवताना गडबडतात, पण हेच विद्यार्थी रस्त्यावर अगदी लयीत चालतात. म्हणून त्यांनी वाद्य बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना चालायला, थांबायला, वळायला लावलं, संगीत बदललं की अंग बदलायचं. (आपण त्रिताल हातावर धरतो, टाळी टाळी खाली टाळी, ती काय वेगळी गोष्ट आहे? अंगाने लय मोजणं आपल्याला नवं नाही, फक्त आपण ते बसून करतो.) पुढे जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ ह्यांनी १९२४ मध्ये म्युनिकला डोरोथी ग्युंथर ह्यांच्याबरोबर संगीत, नाच आणि व्यायाम एकत्र शिकवणारी शाळा काढली. तिथे गुनिल्ड केटमन ह्यांच्यासोबत त्यांनी मुलाच्या हाताला लगेच दाद देतील अशा वाद्यांवर काम केलं, लाकडी पट्ट्यांचे झायलोफोन वगैरे, ज्यातली नको ती पट्टी काढूनच ठेवता येते म्हणजे मुलाने काहीही वाजवलं तरी बेसूर होत नाही. माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात प्रेमळ कल्पना आहे. १९४८ पासून बव्हेरियाच्या रेडिओवर मुलांना घेऊन त्यांचे कार्यक्रम झाले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. हंगेरीत कोडाय ह्यांनी वाद्यच काढून टाकलं, गळा हेच वाद्य, आणि स्वतःच्या देशातली लोकगीतं हीच पाटी. जपानमध्ये सुझुकी, व्हेनेझुएलात १९७५ पासून आब्रेऊंनी उभी केलेली मुलांची ऑर्केस्ट्रा चळवळ, ही नावं तुम्ही ऐकली असतील, त्यात शिरत नाही.

ऑर्फ ह्यांचं काम चालू होतं त्याच सुमारास आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला, मग कोसबाडला आदिवासी मुलांमधे बालवाडी चालवत होत्या. १९४५ साली बोर्डीला सुरुवात झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्या, 'अंगणवाडी' ही कल्पना तिथली. महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून दगड, शिंपले, पानं, बिया हीच साधनं, आणि त्याबरोबर गाणी, अभिनय, नाच. माझ्या करवंट्या तिथूनच आल्यात असं समजा.

जेंबे मात्र खरोखर बाहेरून आलाय, पश्चिम आफ्रिकेतून, अमेरिकेमार्गे. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी १९५० साली शिकायला अमेरिकेत गेले, १९६० च्या सुमारास त्यांच्या ढोलांच्या रेकॉर्डने तिकडे धमाल उडवली आणि मग न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ते लोकांना आफ्रिकन ढोल आणि नाच शिकवायला लागले. पुढच्या दशकांत बागेत, समुद्रकिनाऱ्यावर अनोळखी लोक गोल करून वाजवायला लागले, त्यालाच ड्रम सर्कल म्हणतात. आर्थर हल ह्यांच्यासारख्या लोकांनी त्यात एक महत्त्वाची भूमिका तयार केली, शिकवणारा नाही तर जुळवून आणणारा. तो मधे उभा राहून खुणा करतो, ही बाजू थांबा, ती बाजू हळू, आता फक्त टाळ. आपल्या ढोल पथकात ताशा हेच काम करतो की! तो इशारा देतो, टोल लय धरून ठेवतो आणि ढोलवाले टिपरू-थापीने त्याच्या मागे जातात. नाशिक ढोल तर नावातच आपला. फक्त लहान मुलांना पथकाच्या सरावाला उभं करत असाल तर कानाची काळजी घ्या, ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्‌तास ऐकणं मोठ्यांच्या कानालाही चांगलं नाही आणि पथक त्याच्या बरंच वर असतं, छोटे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात.

आता "मुलांना फायदा काय" हा भाग, जिथे फार थापा चालतात. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांची कोडी सोडवण्यात थोडा वेळ थोडा फरक दिसला. बास. त्याचं होता होता "मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल" असं झालं, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना सीडी वाटायला बजेटमध्ये पैसे मागितले. त्या प्रयोगात बाळं नव्हतीच, आणि कोणी काही वाजवतही नव्हतं, नुसतं ऐकत होते.

मला भरवसा वाटतो तो दुसऱ्या कामावर. जर्मनीत लाइपझिगला किर्शनर आणि टोमासेलो ह्यांनी २००९ मध्ये दाखवलं की बालवाडीच्या वयाची मुलं यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर लय जास्त चांगली धरतात, अगदी अडीच वर्षांची सुद्धा. आणि २०१० मध्ये त्यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या केल्या, काही जोड्यांनी खेळताना मिळून गायलं-वाजवलं आणि काहींनी तोच खेळ गाण्याशिवाय खेळला. नंतर गाणं-वाजवणं झालेली मुलं एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. गणिताचे मार्क वाढतात असं ह्यात कुठेही नाही आणि मीही तसं कोणाला सांगत नाही.

लाइपझिगचा पहिला, यंत्र की माणूस हा प्रयोग तर मी नकळत स्वतःच करून बसलोय. सुरुवातीला मोबाईलवर मेट्रोनोम लावून ठेवायचो, टिक टिक टिक, मुलं दोन मिनिटांत भरकटायची, मला वाटायचं ह्यांना लय नाही. एकदा मोबाईलची बॅटरी संपली म्हणून मीच डफ घेऊन त्यांच्यात बसलो. तर जी मुलगी तीन रविवार कोपऱ्यात आईला चिकटून होती ती माझ्या हाताकडे बघत बघत करवंट्या वाजवायला लागली, आणि मी मुद्दाम थोडा हळू झालो तर तीही हळू झाली. मग तिने हळूच वेग वाढवला आणि माझ्याकडे बघितलं, येतोस का म्हणून. मी गेलो तिच्या मागे. त्यानंतर मेट्रोनोम लावला नाही.

तर परीक्षा हवीच असेल तर मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की जवळच्या तबल्याच्या किंवा गाण्याच्या क्लासला घाला, प्रारंभिकला बसवा, मी स्वतः चांगले सर-बाई सुचवेन. तोवर रविवारी साडेनऊला या आणि येताना घरातलं वाजेल असं एक काहीतरी आणा. स्टीलचं ताट नको, हॉलमध्ये फार कर्कश वाजतं, लाकडी पोळपाट चालेल.