सकाळी साडेसहाचा गजर: मॉर्मन मिशनरी पोरांच्या दिनक्रमामागची गोष्ट

जपानमधे राहिलेल्या कुणालाही विचारा, स्टेशनबाहेर कधी ना कधी मॉर्मन या अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करणारी ती दोन पोरं दिसलेली असतात. पांढरा शर्ट, काळी पँट, डोक्यावर हेल्मेट, हातात सायकल आणि खिशावर काळी प्लॅस्टिकची पट्टी. पट्टीवर जपानी लिपीत आडनाव आणि त्याला जोडून 'चोरो'. मराठी कानाला भलतंच ऐकू येतं ते, पण अर्थ आहे वडीलधारा, ज्येष्ठ. या मिशनरी पोरांना लावायच्या इंग्रजीतल्या 'एल्डर' या बिरुदाचं जपानी रूप. वय बघावं तर एकोणीस, ओठावर जेमतेम मिसरूड, आणि म्हणे ज्येष्ठ!

यांचा दिवस ठरलेला असतो, म्हणजे अगदी हॉस्टेलच्या रेक्टरलाही लाजवेल इतका. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ-नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास आधी एकट्याने मग जोडीदाराबरोबर, वर भाषेचा अभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर पडायचं ते रात्री नऊच्या आसपास परत, आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून यात थोडी ढील मिळाली, तिथल्या रीतीप्रमाणे वेळा इकडेतिकडे करता येतात, पण सांगाडा तोच. जोडीदाराला कंपॅनियन म्हणतात आणि तो कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, बाथरूम सोडून. जोडीदार आपण निवडायचा नाही, मिशनचा, म्हणजे त्या भागातल्या प्रचाराच्या कामाचा, प्रेसिडेंट ठरवतो, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरची यादी आली की कोण कुठे आणि कुणाबरोबर जाणार ते कळतं. चहा, कॉफी, दारू बंद. जपानमधे हिरव्या चहालाही नाही म्हणावं लागतं, आणि कुणाच्या घरी गेल्यावर ते किती अवघड असेल विचार करा, पण मुगीचा म्हणजे भाजलेल्या सातूचं पाणी चालतं, त्यात चहाची पत्ती नसते ना.

आता हे सगळं बघून वाटतं की पहिल्यापासून असंच असणार. तसं अजिबात नाहीये. सुरुवातीचा मॉर्मन मिशनरी पोरगा नव्हताच, बायकोमुलं असलेला बाप्या होता आणि त्याच्याकडे ना ट्रेनिंग होतं ना टाइमटेबल.

मॉर्मन चर्चची स्थापना ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात झाली, जोसेफ स्मिथने केली. त्याच उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल पाठीवर 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव फिरायला लागला, त्यालाच पहिला मिशनरी म्हणतात. १८३७ मधे हीबर किंबॉल वगैरे मंडळी समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचली आणि प्रेस्टन गावात रिबल नदीत पहिले बाप्तिस्मे झाले. पण मला सगळ्यात लक्षात राहिलेला प्रसंग त्याच्या पुढचा, सप्टेंबर १८३९ चा. मिसिसिपीच्या काठावर सगळ्या वस्तीत मलेरिया पसरलेला, ब्रिगहॅम यंग आणि हीबर किंबॉल हे चर्चचे दोघंही पुढारी तापाने फणफणलेले, उभं राहायची ताकद नाही, यंगच्या बायकोला बाळंत होऊन दहा दिवस झालेले, किंबॉलची बायको अंथरुणात. आणि हे दोघं इंग्लंडला निघाले, दुसऱ्याच्या गाडीत अक्षरशः घालून न्यावं लागलं. थोडं पुढे गेल्यावर किंबॉलला राहवेना, गाडी थांबवली, दोघं कसेबसे उभे राहिले आणि टोप्या फिरवून 'हुर्रे फॉर इस्रायल' (इस्रायल म्हणजे इथे देवाची माणसं) ओरडले, घरच्यांना जरा धीर यावा म्हणून. मॉर्मन घरांत ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. मला मात्र दरवेळी दारात उभ्या राहिलेल्या त्या दोन बायकाच दिसतात, पुढची दोन वर्षं घर त्यांनीच तर चालवलं.

पैशाचं काय? तर काही नाही. 'थैली आणि झोळी न घेता' जायचं हा बायबलमधला दंडक, रस्त्यात जो जेवू घालेल त्याच्याकडे जेवायचं, जो निजू देईल त्याच्याकडे निजायचं. आपल्याकडे माधुकरी मागून शिकणारी मुलं होती, तसाच प्रकार, फक्त इथे मागणारा उलट तुम्हालाच शिकवायला आलेला. पुढे विसाव्या शतकात ही पद्धत मागे पडली आणि खर्च स्वतःची बचत नाहीतर घरचे असा झाला, आजही पगार वगैरे नाहीच. आधी जिथे पाठवतील तिथला खर्च तुमच्या नशिबी असायचा, म्हणजे एकाला स्वस्त देश लागला तर मजा आणि दुसऱ्याला जपान लागला की बापाच्या पोटात गोळा. १९९१ पासून अमेरिकेतल्या सगळ्यांना सारखीच रक्कम केली, महिना ३५० डॉलर, २०२० मधे ती ५०० झाली. आणि माधुकरीचा अंश अजून शिल्लक आहे बरं का, कारण तिथले चर्चचे लोक या पोरांना आळीपाळीने जेवायला बोलावतात, रीतसर कॅलेंडरवर नावं घालून. वार लावून जेवणं म्हणजे दुसरं काय!

यात पुणं पण येतं. ऑगस्ट १८५२ मधे युटातल्या सॉल्ट लेक सिटीत, म्हणजे मॉर्मनांच्या मुख्य ठाण्यात, मोठी सभा भरली आणि शंभरेक पुरुषांना जगभर जायचा हुकूम झाला, हिंदुस्थान, चीन, सयाम, कुठे कुठे. त्याच सभेत बहुपत्नीत्वाची शिकवण पहिल्यांदा जाहीर केली, म्हणजे आधीच लोक यांना दारात उभं करत नव्हते, त्यात ही बातमी त्यांच्या मागोमाग बोटीने येऊन पोचणार. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस ब्रिटनमधून त्याच वर्षी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांमधे प्रचार करायला लागला, थोडे लोक जमले, छोटीशी शाखाही झाली. लष्कराच्या साहेबांना ते आवडलं नाही. बाकी देशातही फारसं काही हाती लागलं नाही आणि १८५६ पर्यंत बहुतेक सगळे परत गेले.

बायकांचा प्रवेश झाला तो या बहुपत्नीत्वाच्या बदनामीमुळेच, हे मला फार गमतीशीर वाटतं. इंग्लंडात पक्का समज की युटामधे बायकांना डांबून ठेवतात. तेव्हा तिथल्या मिशनमधून मागणी आली की बाबांनो शिकलेल्या, धीट बोलणाऱ्या मुलीच पाठवा म्हणजे लोकांना डोळ्यांनी दिसेल. १ एप्रिल १८९८ ला इनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोघींची नेमणूक झाली, मिशनरी म्हणून रीतसर प्रमाणपत्र घेऊन गेलेल्या पहिल्या अविवाहित मुली.

आता भाषेचा अभ्यास दिनक्रमात कुठून आला ते बघायला परत जपान. १२ ऑगस्ट १९०१ ला हीबर ग्रँट हा चर्चचा पुढारी तिघांना घेऊन योकोहामाला उतरला, त्यातला अल्मा टेलर फक्त १९ वर्षांचा. एकालाही जपानी येत नव्हतं. ना शाळा, ना पुस्तकं म्हणावी तशी, शिक्षक शोधा आणि घोका. ग्रँट दोन वर्षांनी जवळजवळ रिकाम्या हाताने परत गेला, टेलर मात्र राहिला, बुक ऑफ मॉर्मनचं जपानी भाषांतर करत बसला, ते १९०९ मधे छापून आलं आणि हा घरी गेला १९१० मधे. साडेआठ वर्षं! पोरगा म्हणून गेला आणि सत्ताविशीचा होऊन आला. इतकं करूनही १९२४ मधे ते मिशन गुंडाळावं लागलं, परत उघडलं १९४८ मधे, युद्धानंतर.

भाषेची शाळा निघाली ती पण कुणी फार दूरचा विचार केला म्हणून नाही तर व्हिसा अडकले म्हणून. १९६१ मधे मेक्सिको आणि अर्जेंटिनाला जाणारी पोरं व्हिसाची वाट बघत बसलेली, तर युटातल्या प्रोव्होमधे त्यांना स्पॅनिश शिकवायला घेतलं. त्यातून वाढत वाढत १९७८ पर्यंत मिशनरी ट्रेनिंग सेंटर झालं. तिथे जपानीला नऊएक आठवडे देतात. म्हणजे नमस्कार-चमत्कार, प्रार्थना आणि धर्माचे शब्द पाठ, पण दुकानात 'पिशवी देऊ का' विचारलं की पोरगं गार.

पोरं एवढी कोवळी कधीपासून झाली? १९६० मधे मुलांचं किमान वय २० वरून १९ केलं. मधे व्हिएतनामच्या काळात सैन्यभरतीमुळे प्रत्येक वॉर्डातून (वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, नगरसेवकाचा नव्हे) वर्षाला दोनच जणांना जाता यायचं. मग १९७४ मधे चर्चचा तेव्हाचा अध्यक्ष स्पेन्सर किंबॉलने, हा त्या हीबर किंबॉलचाच नातू, सांगून टाकलं की प्रत्येक धडधाकट मुलाने गेलंच पाहिजे. तिथून ते ऐच्छिक असूनही ऐच्छिक राहिलं नाही असं माझं मत, कारण युटात मुलगा एकोणिसाचा झाला की शेजारीपाजारी 'कुठे लागलं' हेच विचारणार, आणि मधेच परत आलेल्याकडे बघायची नजर वेगळी. १९८२ मधे मुलांचा काळ दीड वर्षावर आणून बघितला, १९८४ मधे परत दोन वर्षं. ऑक्टोबर २०१२ मधे मुलांचं वय १८ आणि मुलींचं २१ वरून १९ केलं, आणि एकदम लोंढाच आला, ५८ हजारांच्या आसपास होते ते २०१४ संपताना ८५ हजारांच्या वर. मुलींना २१ पर्यंत थांबावं लागायचं तोवर लग्नं होऊन जायची, ते बदललं.

बारावी झालेलं पोर घरापासून दहा हजार किलोमीटरवर सोडायचं म्हटल्यावर इतके नियम का, ते मग कळतं. जोडीने राहा, एकटे फिरू नका, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही. आणि घरी फोन? वर्षातून दोनदा, नाताळ आणि मदर्स डे. बाकी पत्रं, नंतर आठवड्याला एक इमेल. हे चाललं थेट फेब्रुवारी २०१९ पर्यंत. तेव्हापासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, आणि पुढच्याच वर्षी कोव्हिड आला, हजारो जणांना घाईघाईने मायदेशी आणावं लागलं आणि उरलेले खोलीत बसून फोनवरच प्रचार करायला लागले, त्यामुळे दारोदार फिरणंही आधीसारखं राहिलं नाही.

फोनचा दिवस बहुतेक ठिकाणी सोमवार, त्याला पी-डे म्हणतात, प्रिपरेशन डे. कपडे धुवायचे, केस कापायचे, आठवड्याचा किराणा आणायचा, आणि संध्याकाळी सहाला परत टाय लावून बाहेर. जपानमधे सोमवारी सकाळचे दहा म्हणजे युटात रविवारची संध्याकाळ, घरची सगळी मंडळी एकत्र असण्याची वेळ. पोरगा टी-शर्टवर मांडी घालून बसतो, फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आई विचारते जेवतोस ना रे नीट, आणि हाकेच्या अंतरावर असायलाच हवा म्हणून त्याचा कंपॅनियन तिथेच पाठ करून मोजे वाळत घालत असतो.